विचारा बिनधास्त : जुन्या कबरस्तानातली भुतं येतात कुठून?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की जुन्या जागा, जुन्या इमारती यांच्याबद्दल काहीही विचारा. तर निम्म्याच्या वर पत्रं भुतांचीच आली, आणि त्यातली बरीचशी इंग्रजांच्या काळातल्या दफनभूम्यांबद्दल. म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच विषयाला देतेय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई नमस्कार, मे महिन्यात लेकीकडं लंडनला गेले होते. जावयांनी कार्ल मार्क्सची कबर बघायला म्हणून हायगेट सिमेटरीत नेलं. मार्क्स बघितला ते ठीक, पण रस्त्याच्या पलीकडच्या जुन्या भागात शिरलो आणि अंगावर काटाच आला. नुसती झाडी, काळे पडलेले दगड, टेकडीत खोदल्यासारख्या अंधाऱ्या खोल्या. त्यात जावई म्हणाले इथं १९७० साली व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारं भूत निघालेलं, पेपरात आलं होतं. त्याच रात्री मला जाग आली तर हात-पाय हलेचनात, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटलं, तोंडातून आवाज फुटेना. सांगलीत परत आले तरी मनातून जात नाही. जाऊबाईंनी नजर काढली. खरंच तिथं काही आहे का? — विश्रामबाग, सांगली

काकू, आधी छातीवरचं ओझं उतरवू, मग हायगेटकडं जाऊ.

तुम्हाला जे झालं त्याला डॉक्टर लोक स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि ते धडधाकट माणसांनाही होतं. स्वप्नं पडतात त्या झोपेत आपलं शरीर हातापायांचे स्नायू ढिले सोडून देतं, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच पलंगावरून खाली पडलो असतो. कधीकधी होतं काय की मेंदू जागा होतो आणि स्नायू अजून झोपलेलेच असतात, मग डोळे उघडे, खोली दिसतेय, पण बोटसुद्धा हलत नाही, श्वास अडल्यासारखा वाटतो आणि अर्धवट स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतं. काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटं. झोप अपुरी झाली, झोपेची वेळ बदलली, उताणं झोपलं की जास्त होतं. तुम्ही साडेचार तासांचा फरक असलेल्या गावात नुकत्याच पोचलेला, दिवसभर पायपीट झालेली, आणि डोक्यात व्हॅम्पायर. हायगेटला न जाता नुसत्या घरात बसला असता तरी झालं असतं, फक्त छातीवर बसणारा दुसरा कुणीतरी असता. वारंवार व्हायला लागलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता हायगेट. ही जागा का झाली ते कळल्याशिवाय तिथलं भूत कळत नाही म्हणून जरा मागनं सांगते. १८०१ साली लंडनची वस्ती साधारण दहा लाख होती, पन्नास वर्षांत ती तेवीस लाखांच्या पुढं गेली. माणसं वाढली पण चर्चच्या आवारातली पुरायची जागा तेवढीच. मग एकावर एक पुरायला लागले, जुनी हाडं उकरून नव्यांना जागा करायला लागले. इनॉन चॅपल नावाच्या एका प्रार्थनाघरात तर तळघरात हजारो प्रेतं कोंबलेली होती आणि वर लाकडी फळ्यांवर मुलांची रविवारची शाळा भरायची. त्यात १८३२ला कॉलरा आला. सरकारनं शेवटी खाजगी कंपन्यांना शहराबाहेर बागेसारख्या दफनभूम्या काढायला परवानगी दिली, आणि आठ-दहा वर्षांत लंडनभोवती सात मोठ्या दफनभूम्या झाल्या. केन्सल ग्रीन पहिली, हायगेट १८३९ची. म्हणजे तुम्हाला जी भयाण वाटली ती जागा त्या काळी लंडनमधली सगळ्यात स्वच्छ, हवेशीर, फिरायला जायची जागा होती. टेकडीवरनं अख्खं लंडन दिसायचं. पैसेवाल्यांनी इजिप्तच्या देवळासारखं दार असलेला रस्ता आणि देवदाराच्या जुन्या झाडाभोवती गोल कोरलेल्या खोल्या, त्यात जागा विकत घेतल्या. तुम्ही बघितलेल्या अंधाऱ्या खोल्या त्याच. विजेवर मोठे शोध लावणारा शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे तिथं आहे, जॉर्ज इलियट या नावानं लिहिणारी कादंबरीकार आहे, सगळी मिळून जवळपास १,७०,००० माणसं तिथं पुरलीयत.

मग बिघडलं काय? पैसा. कंपनीचं उत्पन्न नवीन कबरींच्या विक्रीवर. कबर एकदा विकली की कायमची त्या घराण्याची, त्यातनं पुन्हा काही येत नाही. जागा संपत आली, दोन महायुद्धं झाली, माळी गेले, घराणी विखुरली, १९६०ला मूळ कंपनीच दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. मग रानटी झाडं उगवली, मुळांनी दगड उलथवले, आयव्हीच्या वेलींनी देवदूतांची तोंडं झाकली, पोरं कुलपं तोडून आत शिरायला लागली, भुतांच्या सिनेमांची शूटिंग व्हायला लागली. ही सगळी तयारी आधी झाली, काकू, आणि भूत त्यानंतर आलं.

फेब्रुवारी १९७०मध्ये डेव्हिड फॅरंट नावाच्या तरुणानं तिथल्या स्थानिक साप्ताहिकाला पत्र लिहिलं की दफनभूमीच्या फाटकातनं मला करड्या रंगाची आकृती दिसली, आणखी कुणाला दिसलीय का? झालं, पत्रांचा पाऊस पडला. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की एकाचं भूत दुसऱ्याशी जुळत नाही. कुणाला उंच टोपीवाला माणूस दिसला, कुणाला सायकलवाला, कुणाला पांढऱ्या कपड्यातली बाई, कुणाला फाटकाच्या गजातनं बघणारा चेहरा, कुणाला नुसत्या घंटा ऐकू आल्या. एकच काहीतरी खरंच तिथं फिरत असतं तर दोन पत्रं तरी सारखी आली असती ना. मग शॉन मँचेस्टर म्हणून दुसरा एकजण पुढं आला, तो म्हणाला हे साधं भूत नाही, युरोपातनं पेटीत घालून आणलेला व्हॅम्पायर आहे. मेलेले कोल्हे सापडले असंही सांगायला लागले. लंडनमध्ये कोल्हे भरपूर आहेत, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा माजाचा काळ, त्यात मादी रात्री असं काही ओरडते की बाईची किंकाळी वाटावी. त्या पत्रांचा महिना कोणता होता बघा.

१३ मार्च १९७०, शुक्रवार. संध्याकाळी दोघांच्या मुलाखती टीव्हीवर झाल्या आणि दोन-तीन तासात लंडनभरातनं माणसं हायगेटला लोटली, पोलीस उभे असताना भिंतीवरनं, फाटकावरनं उड्या मारून आत. व्हॅम्पायर कुणालाच मिळाला नाही. ऑगस्टमध्ये मात्र एका बाईचं जुनं प्रेत कबरीतनं बाहेर काढून, मुंडकं तोडून, अर्धवट जाळलेलं सापडलं. मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणातली खरी भयंकर गोष्ट ही आहे. ती बाई कधीची झोपलेली होती, तिनं कुणाचं काय केलं होतं? मेलेल्यांनी जिवंतांना काहीच केलं नाही, जिवंतांनी मेलेल्यांना केलं.

आणि अजून एक, कारण हायगेटला खरोखर कबर उकरलेली आहे, तीही प्रेमापोटी पुरलेल्या कवितांसाठी. एलिझाबेथ सिडल नावाची चित्रकार आणि कवयित्री १८६२ला अफूच्या अर्काचा डोस जास्त होऊन गेली. नवरा रॉझेटी कवी आणि चित्रकार, त्यानं दुःखाच्या भरात आपल्या कवितांची एकुलती एक वही तिच्या केसांजवळ पेटीत ठेवली. सात वर्षांनी त्याला पुस्तक काढायचं होतं आणि कविता हव्या होत्या. मग १८६९च्या ऑक्टोबरात रात्री शेकोटी पेटवून मित्रांनी कबर उकरली, वही काढली, जंतुनाशक लावून वाळवली, पानांना किड्यांनी भोकं पाडलेली. रॉझेटी स्वतः गेला नव्हता. गेलेल्या मित्रानं येऊन सांगितलं की ती जशीच्या तशी सुंदर आहे आणि केस वाढून पेटी भरलीय. तो मित्र थापाड्या म्हणून प्रसिद्ध होता, आणि मेल्यावर केस वाढत नसतात, कातडी आकसते म्हणून तसं वाटतं. पण लोकांना केसांची गोष्ट लक्षात राहिली आणि सिडलनं स्वतः काढलेली चित्रं विसरली गेली. मला हे फार लागतं.

१९७५ला तिथल्या लोकांनी एकत्र येऊन फ्रेंड्स ऑफ हायगेट सिमेटरी ही संस्था काढली, झाडी कमी केली, दगड उभे केले, वाटा मोकळ्या केल्या, नावं लावली. तुम्ही ज्या तिकिटावर आत गेलात ते पैसे त्याच कामाला जातात. आता तिथं माणसं जास्त येतात आणि भुतं कमी दिसतात. जाऊबाईंनी नजर काढली ते मायेनं, राहू दे. पण पुढच्या वेळी लंडनला गेलात तर एलिझाबेथ सिडलच्या नावानं एक फूल ठेवून या.

ताई, मी वाईचा, महाबळेश्वर-पाचगणीला टुरिस्टची गाडी चालवतो. आजकाल गिऱ्हाईक विचारतं भुताचा पॉइंट कुठाय. आम्ही ड्रायव्हर लोक सांगतो की जुन्या ख्रिश्चन दफनभूमीपाशी पांढऱ्या गाऊनमधली मडम दिसते. लोकं खुश, पोरं किंचाळतात, वर टिप पण मिळते. बायको म्हणती कुणाच्या मयतावर पैसा खाऊ नका. खरं सांगा, चुकतंय का माझं? आणि एकदा धुक्यात मला पण पांढरं काहीतरी दिसलंय, आई शप्पथ. — वाई

दादा, तुम्हाला दिसलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पांढरं, आवाज न करता डोक्यावरनं गेलं, आणि थोड्या वेळानं चिरकल्यासारखा आवाज आला, असंच ना? ते गव्हाणी घुबड. पोटाकडनं पांढरंशुभ्र, तोंड बदामासारखं पांढरं, आणि पिसांच्या कडा अशा मऊ की उडताना पंखांचा आवाजच होत नाही. त्याला लागतात जुन्या पडक्या इमारती, झाडाच्या ढोली आणि उंदीर, जुन्या दफनभूमीत तिन्ही मिळतं. हेडलाइटमध्ये खालनं उजेड पडला की ते घुबड असल्याचं ओळखूच येत नाही, पांढरं कापड हवेत तरंगत गेल्यासारखं दिसतं. कुणाला मारू मात्र देऊ नका, घुबडांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि तुमच्या वाईच्या शेतकऱ्यांचे उंदीर तेच खातंय.

दुसरं धुकं. पावसाळ्यात मागच्या गाडीचा लाइट पडला की झाडाची नाहीतर माणसाची सावली धुक्यावर पडते, जमिनीवर नाही, हवेत उभी. गाडी वळली की सावली पण चालायला लागते. घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यालाही ती चकवते.

आता चूक की बरोबर. वहिनींचं बरोबर आहे. त्या कबरींमधली बरीच माणसं खालच्या मैदानातनं आजारी पडून हवापालटाला वर आलेली आणि परत गेली नाहीत. मलेरिया डासांमुळं होतो हे १८९७पर्यंत कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं, कॉलरा पाण्यातनं येतो हे पण उशिरा पटलं. बायका, तान्ही मुलं, वीस-बावीस वर्षांचे शिपाई. ती मडम कुणाची तरी पोर होती दादा, सात समुद्र ओलांडून आलेली.

पण टिप बुडावी असं मला अजिबात वाटत नाही, म्हणून खऱ्या गोष्टी देते, त्या सांगा. लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ला जंगलातनं वाट काढत त्या टोकावर चढला, तोच आजचा लॉडविक पॉइंट. १८२९ला साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि गव्हर्नर माल्कम यांचा करार झाला, इंग्रजांना महाबळेश्वरची जागा मिळाली आणि महाराजांना बदल्यात तुमच्या वाईकडचं खंडाळा गाव. बाजारापासून जवळ जो बेकविथचा स्मारकस्तंभ आहे तो मुंबई इलाख्याच्या सरसेनापतीचा, नेपोलियनच्या फौजांशी लढून जिवंत राहिला आणि १८३१ला महाबळेश्वरात गेला. पाचगणी वसवणारे जॉन चेसन तिथल्याच सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहेत. आणि सगळ्यात भारी गोष्ट चिनी कैद्यांची. १८३४ ते १८६४ महाबळेश्वरात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, त्यांनी तिथं भाज्या पिकवल्या, वेताच्या खुर्च्या विणल्या, रस्त्यावर राबले. घरदार हजारो मैलांवर, आणि शिक्षा भोगायला धुक्यातलं महाबळेश्वर. ही गोष्ट केट्स पॉइंटच्या वळणावर सांगून बघा, गाडीतली पोरं गप्प होऊन ऐकतात की नाही.

हाय ताई, आम्ही चौघं मित्र, कराडला इंजिनिअरिंगला आहोत. ब्रिटिशांच्या जुन्या कबरस्तानात अमावस्येला रात्री बारा ते तीन असा नाइट चॅलेंज करून रील टाकायचाय. ऑनलाइन ईएमएफ मीटर पण मागवलाय. लोकेशन आणि टिप्स द्या ना प्लीज. — कराड

लोकेशन देणार नाही. टिप्स देते.

ईएमएफ मीटर विजेच्या वायरींभोवतीचं, मोबाइलभोवतीचं चुंबकीय आणि विद्युत क्षेत्र मोजतो, इलेक्ट्रिशियनच्या कामाची चीज आहे. तुम्ही चौघं चार फोन खिशात घेऊन, त्यातल्या एकावर लाइव्ह चालू ठेवून जाणार, तो टूं टूं करणारच. इंजिनिअरिंगला आहात, घरी मिक्सरजवळ धरून बघा आधी.

परवानगी नसताना, लोकांच्या भावना दुखावतील अशा हेतूनं दफनभूमीत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमचा तसा हेतू नव्हता हे पोलिसांना पटवत बसायची वेळ आणायची कशाला, आणि कॅम्पस प्लेसमेंटच्या वर्षाला तर नकोच नको.

आणि साप. आपल्या जिल्ह्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारी विषारी आहेत. मण्यार रात्रीच फिरते, चावली तर बऱ्याचदा दुखत पण नाही, सूज येत नाही, माणूस म्हणतो काही नाही आणि झोपतो. वाढलेलं गवत, मोकळे झालेले दगड, त्याखाली उंदरांची बिळं, असल्या जागी अंधारात हात टेकवायचा. कबरीवरचा उभा दगड शे-दीडशे वर्षांत तळातनं सुटलेला असतो, सेल्फीला टेकलात तर अंगावर येतो. भुताला भिऊ नका पोरांनो, या दोन गोष्टींना भ्या.

रात्री स्मशानात जायचंच असेल तर आपल्या साताऱ्यातनंच त्याची चांगली परंपरा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अमावस्येच्या रात्री स्मशानात मुक्काम करतात, गावच्या लोकांना सोबत घेऊन, सगळ्यांना सांगून, परवानगीनं. हेतू उलटा, की भीती जावी. त्यांच्या शाखेत जा, त्यांच्याबरोबर एक रात्र काढा, आणि त्याचा व्हिडिओ टाका. त्याला मी स्वतः शेअर करीन.

मी साताऱ्यात चित्रकला शिकते. व्हिक्टोरियन कबरींचे फोटो बघून स्केचेस करतेय. तुटलेले खांब, उलट्या मशाली, कापड टाकलेले कलश, हे लोक मुद्दाम भीतीदायक का बनवायचे? — शाहूपुरी, सातारा

भीतीदायक नव्हतंच गं ते, आपल्याला ती लिपी वाचता येत नाही म्हणून भीती वाटते. तुटलेला खांब म्हणजे माणूस भर उमेदीत गेला. उलटी मशाल म्हणजे आयुष्याची ज्योत विझली, आणि बऱ्याच ठिकाणी मशाल उलटी असूनही ज्योत जळती कोरलेली असते, म्हणजे आत्मा चालूच आहे. कापड टाकलेला कलश म्हणजे इहलोक आणि परलोकातला पडदा. दोन हात हातात म्हणजे नवरा-बायकोचा निरोप, आणि पुन्हा भेटू हा शब्द. नांगर म्हणजे आशा, जहाजाचा नांगर हं, शेतातला नाही. आयव्हीची वेल बारमाही हिरवी म्हणून आठवण. इजिप्तचे कमळाचे खांब आले ते नेपोलियननं १७९८ला इजिप्तवर स्वारी केल्यावर युरोपात इजिप्तचं जे वेड पसरलं त्यातनं.

तू जावळी-पाटणकडच्या एखाद्या गावात देवळाबाहेरचा वीरगळ बघितलास ना? खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि लढाई, मधे अप्सरा त्याला वर घेऊन जातायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती. शेजारी सतीशिळा असेल तर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात. ज्याला माहीत नाही त्याला रात्री तो नुसता तुटका हात दिसतो आणि गावात भुताची गोष्ट तयार होते. माझं तुला एकच सांगणं, हायगेटची स्केचेस कर पण अर्धी वही वीरगळांसाठी ठेव. त्यातले कितीतरी रस्ता रुंदीकरणात गाडले जातायत, कुणी धुणं धुवायला वापरतंय.

ताई, आमच्या गावाबाहेर जुन्या मिशनच्या कबरी आहेत. सहा वर्षांची मुलगी तिथनं शाळेतनं येते. चार दिवस झाले ताप उतरत नाही, रात्री बडबडते. सासूबाई म्हणतात खवीस लागलाय. देवऋषी आला, म्हणतो बाहेरचं आहे, काळी कोंबडी आणि पाच हजार लागतील, आणि तोवर डॉक्टरकडं न्यायचं नाही. — तासगाव तालुका

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी फोन केला होता, मुलगी दवाखान्यात आहे आणि बरी होतेय हे कळलं, जीव भांड्यात पडला. इथं छापतेय ते बाकीच्या आयांसाठी.

ताप डोक्यात गेला की लहान मूल बडबडतं. चार दिवस न उतरणारा ताप डेंग्यू असू शकतो, टायफॉइड, मलेरिया असू शकतो, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. उतारा टाकायचा, अंगारा लावायचा तर लावा, पण आधी दवाखाना. आणि जो माणूस डॉक्टरकडं नेऊ नका म्हणतो तो तिथंच ओळखायचा. भूत लागलंय अशी भीती घालून पैसे उकळणं, उपचारांपासून रोखणं याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार दंड. हा कायदा व्हावा म्हणून दाभोलकर अठरा-वीस वर्षं झगडले, २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, आणि मग काही दिवसांतच वटहुकूम निघाला. आपल्या साताऱ्याच्या माणसानं जीव देऊन मिळवलेला कायदा आहे, पोलीस स्टेशनला जायला घाबरू नका.

सासूबाईंवर रागावू नका मात्र. लंडनमध्ये शिकलेले डॉक्टरसुद्धा शंभर टक्के मानायचे की कबरस्तानाच्या घाण वासानं कॉलरा होतो. १८५४ला जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं ब्रॉड स्ट्रीटच्या एका हापशाभोवतीच्या मयतांचा नकाशा काढून दाखवला की रोग पाण्यातनं येतोय, तरी पुष्कळांना पटायला वर्षं गेली. सासूबाईंना शेजारी बसवून डॉक्टरांकडनं समजावून घ्या, त्यांचाही जीव नातीतच अडकलेला असतो.

ताई मी सातवीत आहे. काकांनी सांगितलं की लंडनच्या कबरस्तानात दगडी कुत्रा आहे आणि तो रात्री मान वळवतो. खरं का? — कोरेगाव

दगडी कुत्रा खरा, मान वळवणं खोटं. त्याचं नाव लायन. टॉम सेयर्स नावाचा मोठा मुष्टियोद्धा होता, हातमोजे न घालता लढायचा, तो १८६५ला वारला तेव्हा हजारो माणसं अंत्ययात्रेला आली आणि एका गाडीत एकटा त्याचा कुत्रा बसलेला. म्हणून मालकाच्या पायाशी तो कायमचा दगडात कोरलाय, पुढच्या पंजांवर डोकं ठेवून.

तुझ्या कोरेगावपासून संगम माहुली किती लांब आहे? तिथं कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ महाराजांवर येत असताना खंड्यानं भुंकून सावध केलं असं सांगतात, महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. काकांना म्हणावं, आधी खंड्याला भेटवा.

आम्ही मिरजेतले काही शिक्षक. एका जुन्या दफनभूमीत आठवी-नववीच्या मुलांना घेऊन स्वच्छता करायची आणि कबरींवरची नावं लिहून काढायची कल्पना आहे. पालक म्हणतात तिथं भुताटकी आहे. कसं करावं? — मिरज

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला, म्हणून शेवटी ठेवलं.

आधी ज्या चर्चच्या नाहीतर ट्रस्टच्या ताब्यात जागा आहे त्यांची लेखी परवानगी. पालकांची सभा शाळेत घेऊ नका, त्या दफनभूमीतच घ्या, रविवारी सकाळी नऊला, उन्हात. एखाद्या पालकाला एक दगड वाचायला लावा. वय वर्षं दोन, वय महिने पाच, असं काहीतरी लिहिलेलं निघतं, आणि आईबापाला त्यापुढं काही सांगावं लागत नाही.

पाऊस संपल्यावर, गवत माणसं लावून कापून घेतल्यावरच मुलं आत. बूट घालून, काठी आपटत, आणि कलणाऱ्या दगडापासून लांब. स्वच्छतेला फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेची घासणी, ॲसिड, साबणाची पावडर काही नको, संगमरवर आणि वालुकाश्म त्यानं कायमचे खराब होतात, अक्षरं वाचवायच्या नादात अक्षरंच जातात. अक्षरांवर खडू, रंगही भरू नका. पुसट अक्षरं वाचायची असतील तर सकाळी लवकर नाहीतर सूर्य मावळतीला असताना जा, उजेड तिरपा पडला की खोलगट अक्षरं सावलीनं उठून दिसतात, तेव्हा फोटो काढा. दगडावर मोठी झुडपं असतील तर उपटू नका, मुळांबरोबर दगड फुटतो, बुंध्याशी कापा. वड-पिंपळाचं रोप फटीत असेल तर जाणकाराला बोलवा.

वहीत दगडावर जसं आहे तसंच उतरवा, स्पेलिंग चुकलं असेल तरी सुधारू नका. नाव, साल, वय, कुठल्या पलटणीचा, कुणी दगड बसवला, आणि जागेचा साधा नकाशा. मराठीतले दगड पण सापडतील, मिशनमध्ये आपलीच माणसं होती, त्यांची नावं आधी लिहा, कारण ती शोधायला इंग्लंडहून कुणी येणार नाही. इंग्रजी नावांसाठी ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया म्हणून संस्था आहे, १९७०च्या दशकापासून आपल्याकडच्या दफनभूम्यांच्या नोंदी गोळा करते, त्यांना यादी पाठवलीत तर एखाद्याची पणती नाहीतर खापरपणती खरोखर सापडते.

यादीची एक प्रत शाळेत ठेवा, एक चर्चला द्या, एक आम्हाला पाठवा. जागेअभावी दोन-तीन अंकांत छापावी लागली तरी सगळी नावं छापू.